असाकुसात नाकामिसेच्या पलीकडे

कुणीतरी सुचवलंय की तोक्योच्या असाकुसा भागात गेलात तर नाकामिसेच्या, म्हणजे देवळाकडे जाणाऱ्या दुकानांच्या गल्लीतच खाऊन घ्या, वेगळं जेवण नको. तिथली गरम निंग्योयाकी (गोड सारण भरलेले छोटे केक) खावीच, पण दुकानासमोर उभं राहून. चालता चालता खाल्लेलं तिथे आवडत नाही. जेवायला मात्र बाहेर पडा.

माझं पहिलं मत कोमागाता दोज्यो या जुन्या खाणावळीला. १८०१ पासून चालू आहे. लांबलचक फळीशी मांडी घालून बसायचं, समोर निखाऱ्यावर उथळ लोखंडी पातेली, त्यात छोटे अख्खे दोज्यो, म्हणजे गोड्या पाण्यातले बारीक लांबट मासे. वरून चिरलेल्या पातीचा ढीग टाकायचा, ती मऊ पडली की खायचं आणि पुन्हा पात टाकायची. जुन्या तोक्योची चव म्हणतात ती हीच. मासे खाणाऱ्यांनी हे चुकवू नये, खरंच.

संध्याकाळी कामिया बार, १८८० चा. तिथलं देन्की ब्रान हे ब्रँडी मिसळलेलं मद्य जपून घ्या, चढतं. जुन्या नाट्यगृहांच्या रोक्कू भागाजवळ होप्पी स्ट्रीट या छोट्या दारूच्या गुत्त्यांच्या गल्लीत शिजवलेलं गोमांस मिळतं, ते चालत असेल तर बसा.

शाकाहाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: भाज्यांच्या टेम्पुरासोबतच्या (पिठात बुडवून तळलेल्या जपानी भज्यांसोबतच्या) रसातही सहसा माशाचा अर्क असतो. त्याऐवजी मीठ मागा.