डोळे कोरडे, मग किडनीवाल्यांचं औषध कशाला?

प्रुफंवाला: दिवसभर मुद्रितं तपासतो. वर्षभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतंय आणि वर पाणीही वाहतं. अश्रू मोजणाऱ्या शिर्मर चाचणीत कागदाची पट्टी पाच मिनिटांत जेमतेम 4 मिलिमीटर भिजली. आता सायक्लोस्पोरिनचे 0.05 टक्क्यांचे थेंब दिलेत. किडनी बदलल्यावर मेव्हण्याला याच्याच गोळ्या होत्या, शरीराने परकी किडनी नाकारू नये म्हणून. माझ्या डोळ्यात कोणी काय बसवलंय? कोरडं आहे तर ओलं करा की!

टीपेशीवाली: बसवलेलं काही नाही, पण उपद्रव परकी किडनी नाकारणाऱ्या पेशींच्याच जातीचा, म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या टी-पेशींचा. अश्रू कमी पडले किंवा भराभर उडून गेले की उरलेले जास्त खारट होतात. त्या खारटपणाने डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या पेशी त्रासतात आणि आयएल-1, टीएनएफ-अल्फासारखे दाह पेटवणारे रेणू सोडतात. पहारा देणाऱ्या डेंड्रायटिक पेशी ही वर्दी घेऊन जवळच्या लसिकाग्रंथीत जातात, तिथे टी-पेशी चेतवल्या जातात आणि थेट डोळ्यावर चालून येतात. त्यांनी सोडलेला आयएल-17 हा रेणू कॉर्नियाचं (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचं) वरचं आवरण सैल करतो. त्यांच्याच इंटरफेरॉन-गॅमा या रेणूमुळे श्लेष्मा बनवणाऱ्या गॉब्लेट पेशी मरतात. श्लेष्मा गेला की अश्रू डोळ्यावर ठरत नाहीत, म्हणजे पुन्हा खारटपणा. कृत्रिम अश्रूंनी तो तेवढ्यापुरता पातळ होतो, टी-पेशी मात्र ठाण मांडून बसतात. सायक्लोस्पोरिन त्यांच्यातलं कॅल्सिन्युरिन हे चेतवणारं प्रथिन अडवतं, म्हणून त्या चेतत नाहीत. थेंबातून रक्तात जाणारं प्रमाण नगण्य, त्यामुळे मेव्हण्यांच्या गोळ्यांशी तुलना नको. आणि वाहणारं पाणी? ते खुपतं म्हणून सुटतं, टिकत नाही.

चष्मिष्ट: मी तिसऱ्या आठवड्यात सोडलं होतं. झोंबायचं भयंकर, फरक शून्य. डॉक्टर रागावले, पुन्हा सुरू केलं, चौथ्या महिन्यात एके दिवशी लक्षात आलं की सकाळी पापणी चिकटलेली नव्हती. सुरुवातीचे काही आठवडे सोबत स्टेरॉइडचे थेंबही होते. ते लगेच आराम देतात, म्हणूनच घातक: मनाने चालू ठेवले तर डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदूही होतो. बाटली संपली की परस्पर दुसरी आणू नका.

प्रुफंवाला: स्टेरॉइड नाही दिलेलं. झोंबण्याचं कोणी आधी सांगितलं असतं तर! काल टाकल्यावर बराच वेळ अक्षरं धुरकट होती, अनुस्वार दिसेनात.

चष्मिष्ट: मी सकाळचा थेंब कामाच्या अर्धा तास आधी टाकते, रात्रीचा काम आटोपल्यावर. मध्ये बारा तास पडतात. अनुस्वार सुटत नाहीत.