मदत हवी आहे: मुंगळा काचेला उलटा चिकटतो ते कळलं, पण पाय सोडवतो कसा?

नमस्कार मंडळी,

गेले पाच-सहा दिवस याच एका गोष्टीत अडकलोय. एका बरणीत चार मुंगळे ठेवलेत (झाकणाला बारीक भोकं आहेत, साखरेच्या पाण्याचा बोळा आहे, बघून झालं की सोडून देणार). झाकण पारदर्शक प्लास्टिकचं, एकदम गुळगुळीत, त्यामुळे मुंगळा वर जाऊन उलटा चालायला लागला की त्याचे तळवे वरून सरळ दिसतात. भिंग लावलं तर पायाच्या टोकाला दोन नख्या आणि मधे एक छोटीशी पांढुरकी गादी. आता खडबडीत भिंतीवर नख्या अडकतात हे समजू शकतो, पण इथे अडकायला काहीच नाही, नख्या नुसत्या घसरतात आणि घसरल्या की ती मधली गादी पुढे येऊन फुगल्यासारखी पसरते, पाऊल उचललं की परत घडी होऊन आत. मी अक्षरशः तासभर तेच बघत बसलो होतो.

थोडं वाचलं. लहानपणापासून ऐकलेलं सक्शन कपचं प्रकरण चुकीचं निघालं, कारण हवा काढून घेतलेल्या भांड्यातसुद्धा किड्यांची पकड टिकते. गादीवर एका पातळ स्रावाचा थर असतो आणि त्यावर ती चिकटते. माशीला एकाच्या जागी दोन गाद्या आणि त्यांवर बारीक केसांचं दाट जंगल, पण ओलावा तिथेही आहेच. पालीचं वेगळं, तिचं काम कोरडं चालतं. पानं शिवून घरटं करणाऱ्या मुंग्या तर गुळगुळीत पृष्ठभागावर उलट्या लटकून स्वतःच्या वजनाच्या १०० पटीहून जास्त ओझं धरू शकतात!

आणि इथेच माझं डोकं चालेना. पकड एवढी जबरदस्त, तर पाऊल उचलायला पण तेवढाच जोर लागायला हवा ना? हा पठ्ठ्या तर झाकणावर उलटा तुरुतुरु पळतोय, मधे कुठे पाय अडकलाय असं एकदाही दिसलं नाही.

दुसरं म्हणजे बरणीच्या आतल्या एका बाजूला टाल्कम पावडर बोटाने पुसट फिरवली, तर तिथे मुंगळा स्वतःच्या जेमतेम दोन अंगांएवढा वर चढून खाली. मग बराच वेळ पुढचे पाय तोंडातून ओढून साफ करत बसला आणि नंतर स्वच्छ बाजूने आरामात वर गेला. पावडरने नक्की काय होतं? आणि पाऊल सुटतानाचा क्षण मोबाईलवर नीट पकडायचा असेल तर लाइट कुठून मारू, वरून मारला की नुसती चमक येते. कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:

मस्त निरीक्षण आहे, गादी उघडताना दिसली म्हणजे निम्मं काम तुम्ही केलंच आहे. चिकटपट्टी आठवा. सगळी एकदम सरळ ओढली तर निघत नाही, कडेपासून सोलत आणली की सहज निघते, मुंगळा तेच करतो. शिवाय गादी एकाच दिशेने धरते. पाय अंगाकडे ओढला की ती उघडून टेकते, बाहेरच्या बाजूला ढकलला की मिटायला लागते आणि कड सुटते. म्हणून उलटं असताना समोरासमोरचे पाय आत ओढलेले असतात, त्या ताणानेच गाद्या उघड्या राहतात, प्रत्येक पावलाला वेगळा जोर लावावा लागत नाही.

१०० पटीचं म्हणाल तर त्यात लहान आकाराचा मोठा हात आहे. लांबी १० पट कमी झाली तर तळव्याचं क्षेत्रफळ १०० पट कमी होतं, पण वजन १००० पट. पावडरचे कण गादी आणि काच यांच्या मधे येतात आणि मुंगळ्याचं वजन आलं की कणच काचेवरून सुटतात. फार लावू नका, त्याला सारखं पाय साफ करत बसावं लागतं.

लाइट वरून नको. झाकणाऐवजी ॲक्रिलिकची सपाट पट्टी ठेवा, तिच्या कडेला एलईडी लावून खोलीत अंधार करा. प्रकाश पट्टीच्या आतच फिरत राहतो आणि जिथे पाऊल टेकतं तेवढ्याच ठिकाणी बाहेर फुटतो, त्यामुळे टेकलेला भाग उजळ दिसतो. फोन वरून, स्लो मोशनवर.

मूळ प्रश्नकर्ता:

मनापासून धन्यवाद! सोलण्याचं वाचून लगेच भिंग घेऊन बसलो, आणि खरंच, मागचा पाय उचलायच्या आधी किंचित बाहेर सरकतो, इतके दिवस मी ती घसरण समजत होतो. पावडर पुसून टाकली, ॲक्रिलिक उद्या आणतो. अजून एक विचारू का? जमिनीवर ते तीन-तीन पाय आलटून पालटून टाकतात, एका बाजूचे पुढचा-मागचा आणि दुसऱ्या बाजूचा मधला. झाकणावर मात्र मला एका वेळी चार-पाच पाय टेकलेले वाटले. हे तुम्हालाही कोणाला दिसलंय का?