क्विन युअर्स टेक्सास सोडून गेला. टेक्सासच्या क्वार्टरबॅकांच्या कुठल्या रांगेत तो बसतो?

प्रश्न

परवा, १५ जानेवारी २०२५ला, टेक्सास युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक (बॉल फेकून खेळ चालवणारा खेळाडू) क्विन याने एनएफएल ड्राफ्टसाठी, म्हणजे व्यावसायिक लीगच्या निवडीसाठी, नाव दिलं. तेव्हापासून आमच्या ऑस्टिनच्या मंडळींत एकच वाद चालू आहे. निम्मे म्हणतात, दोनदा देशाच्या कॉलेज विजेतेपदाच्या सेमीफायनलपर्यंत जाऊन हात हलवत परत आला, त्याचं काय कौतुक? उरलेले गप्प बसतात. मला ते गप्प बसणं खटकतं, म्हणून इथे विचारतोय.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. मी ऑगस्ट २०१० मध्ये इथे एम.एस.ला आलो. आधीचा क्वार्टरबॅक कोल्ट मॅकॉय याचं पर्व जानेवारीतच संपलं होतं. अलाबामाविरुद्धच्या फायनलमध्ये सुरुवातीलाच त्याचा खांदा गेला आणि ३७-२१ने हरलो, ही हकीकत मी लॅबमधल्या सीनियरांकडून इतक्यांदा ऐकली की स्वतः पाहिल्यासारखी वाटते. मी आलो त्याच सीझनला टीम ५-७, म्हणजे पाच विजय आणि सात पराभव. पुढच्या दहा-अकरा वर्षांत कोच बदलले, क्वार्टरबॅक बदलले, दर ऑगस्टला आशा पालवायची आणि ऑक्टोबरपर्यंत कोमेजायची.

१३ नोव्हेंबर २०२१ला मुलीला पहिल्यांदाच स्टेडियमवर नेलं. आठ वर्षांची होती. समोर कॅन्सस, जी टीम त्या अख्ख्या सीझनमध्ये दोनच मॅच जिंकली. त्यातली एक ही. ओव्हरटाइम, ५७-५६. त्यांनी शेवटी दोन पॉइंटसाठी टाकलेला पास झेलला गेला तेव्हा आमच्या पुढच्या रांगेतले एक आजोबा नुसते बसून राहिले, उठेचनात. परतताना गाडीत मुलीने विचारलं, "बाबा, आपण नेहमी हरतो का?"

महिनाभराने बातमी आली की क्विन युअर्स ओहायो स्टेट सोडून टेक्सासला येतोय. साउथलेकचा पोरगा, शाळेचं शेवटचं वर्ष न खेळताच ओहायोला गेलेला आणि तिथे बाकावर बसून कंटाळलेला. मानेवर रुळणारे ते लांब केस मुलीला फार आवडले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे: ८-५, मग १२-२, मग १३-३. २००९नंतरचं बिग ट्वेल्व्हचं, म्हणजे तेव्हाच्या आपल्या लीगचं, पहिलं विजेतेपद. सलग दोन वर्षं प्लेऑफची सेमीफायनल. या दोन्ही वर्षी शेवटच्या चारांत असलेली देशातली एकमेव टीम आपली. माझ्या मुलीला आता "आपण नेहमी हरतो का" हा प्रश्न पडत नाही. याचं श्रेय कुणाचं आणि किती, हे मला तुमच्याकडून ऐकायचंय.

प्रतिसाद १

मी डॅलसला असतो, विन्स यंगच्या काळापासून बघतोय. तुमच्या मुलीबद्दल वाचून बरं वाटलं, पण टेक्सासमध्ये क्वार्टरबॅक मोजायचं माप एकच: शेवटचा चेंडू हातात असताना तू काय केलंस?

४ जानेवारी २००६, रोझ बोल, देशाच्या विजेतेपदाची फायनल. फोर्थ डाउन (चार प्रयत्नांतला शेवटचा), पाच यार्ड कापायचे बाकी, १९ सेकंद उरलेत आणि यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया) पुढे. विन्सला पासला कोणी मोकळा दिसेना, तो उजवीकडून स्वतः धावत एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या गोल-पट्ट्यात) शिरला. ४१-३८. त्याला महान का म्हणतात हे कुणी विचारत नाही.

आता क्विन. जानेवारी २०२४, न्यू ऑर्लिन्समधली सेमीफायनल, वॉशिंग्टन ३७, आपण ३१. एंड झोन पंधरा यार्डांच्याही आत. पास सुटत गेले आणि शेवटचा आपल्या मिचेलकडे उंच टाकला, तो त्यांच्या एलायजा जॅक्सनने हात घालून उडवला. खलास. गेल्या आठवड्यात कॉटन बोल, म्हणजे यंदाची सेमीफायनल, ओहायो स्टेट २१, आपण १४, दोनेक मिनिटं शिल्लक, फोर्थ डाउन. त्यांच्या जॅक सॉयरने मागून येऊन त्याच्या हातातला बॉल उडवला आणि ८३ यार्ड पळत नेला. २८-१४. तोच सॉयर, जो ओहायोत त्याचा रूममेट होता!

शिवाय जॉर्जियाकडून एकाच सीझनमध्ये दोनदा हार. ऑस्टिनमधल्या ३०-१५मध्ये तर पहिल्या हाफमध्ये त्याला बाहेर बसवून राखीव क्वार्टरबॅक आर्च मॅनिंगला आणावं लागलं. मुलगा गुणी आहे, पण थोरांच्या यादीत नाही.

प्रतिसाद २

दादा, तुम्ही त्या ८३ यार्डांपासून सुरू केलंत. मी त्याच्या आधीचे तीन डाउन सांगते.

त्या ड्राइव्हमध्ये आपण ओहायोच्या एक यार्डावर होतो. एक! फर्स्ट डाउनला मधून धाव, शून्य यार्ड. सेकंड डाउनला बॉल बाहेरच्या बाजूला टॉस केला आणि आपला विझ्नर सात यार्ड मागे पकडला गेला. हे दोन्ही प्ले क्विनने पास टाकण्याचे नव्हते. एका यार्डावरून आठवर आलो. थर्डला पास अडला. म्हणजे फोर्थ डाउनला ओहायोच्या सगळ्या बचावाला ठाऊक होतं की आता पासच येणार, आणि सॉयर कान टवकारूनच बसला होता. बॉल क्विनच्या हातून गेला हे खरं. पण त्याला तिथे उभं कुणी केलं, तेही लिहून ठेवा.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून माझं लक्ष सारखं त्याच्या शरीराकडे जातं. २०२२ला अलाबामाविरुद्ध पहिल्याच क्वार्टरमध्ये १२ पैकी ९ पास पूर्ण, १३४ यार्ड, देशातली एक नंबरची टीम चाचपडत होती, आणि डॅलस टर्नरने त्याला खाली आदळलं. छातीच्या हाडाजवळचा सांधा दुखावला, पुढच्या तीन मॅच गेल्या. ती मॅच आपण २०-१९ने हरलो, एका पॉइंटने. २०२३ला ह्यूस्टनविरुद्ध उजवा खांदा, दोन मॅच. २०२४ला बरगडीखालचा स्नायू, पुन्हा दोन. पोटाच्या बाजूचा तो स्नायू फेकताना प्रत्येक वेळी पिळला जातो. रुग्णांना मी अशा दुखण्यात खोकतानासुद्धा काळजी घ्यायला सांगते. हा परत आला तो थेट ओक्लाहोमाविरुद्ध. ३४-३.

प्रतिसाद ३

काका, मी सध्या इथेच थर्ड इयरला आहे. स्टुडंट सेक्शनमधून बोलतो, कारण आर्चसाठी सगळ्यात जास्त ओरडणारे आम्हीच होतो आणि मला त्याचं आता वाईट वाटतं.

आर्च २०२३ला आला. एनएफएल गाजवलेल्या पेटन आणि एलाय मॅनिंगचा पुतण्या, नावातच सगळं आलं. २०२४ला यूटीएसएविरुद्ध (टेक्सास-सॅन अँटोनियो) क्विन दुखावला, आर्च आला आणि ६७ यार्ड धावत टचडाउन केलं, तेव्हा आमच्या बाजूला जे झालं ते मी विसरू शकत नाही. त्यानंतर क्विनचा एक पास चुकला तरी आम्ही बाकाकडे बघायचो. दोन वर्षं हा मुलगा असा खेळला की मागे देशातलं सगळ्यात गाजलेलं नाव उभं आहे. दोघांत कधी तंटा दिसला नाही. कॉलेज स्टेशनला २०११नंतर पहिल्यांदा टेक्सास ए अँड एमशी खेळलो तेव्हा आर्च मधूनच आला, एक टचडाउन धावला आणि परत क्विनला बॉल दिला. १७-७ जिंकलो.

आणि शेवटच्या चेंडूचंच माप लावायचं तर यंदाची क्वार्टरफायनल, पीच बोल, का वगळता? १ जानेवारी, अटलांटा. चौथ्या क्वार्टरमध्ये २४-८ पुढे होतो, समोरच्या ॲरिझोना स्टेटला त्यांच्या स्कॅटेबोने एकट्याने परत आणलं. आपल्या किकरच्या दोन किक शेवटी हुकल्या. ओव्हरटाइममध्ये ते ३१-२४ पुढे, आपला फोर्थ डाउन आणि १३ यार्ड हवेत. तेरा! चुकला की सीझन संपला. समोरून अंगावर माणसं येत असताना क्विनने गोल्डनला २८ यार्डांचा टचडाउन टाकला. पुढच्या ओव्हरटाइमच्या पहिल्याच प्लेला हेल्मला २५ यार्डांचा. ३९-३१. मी जेस्टर हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून रडलो.

प्रतिसाद १ (पुन्हा)

पीच बोल मान्य. तो मी विसरलो नव्हतो, पण लिहिताना टाळला, हे कबूल करतो. तरी एक सांगा, मूळ प्रश्नकर्ते: कोल्टच्या नावावर ४५ विजय आणि १३,२५३ यार्ड. सॅम एलिंगरचे ११,४३६. क्विनचे ९,१२८. मग तुम्ही त्याला एलिंगरच्या वर ठेवणार का? सरळ हो किंवा नाही.

मूळ प्रश्नकर्ता

हो.

सॅम मला प्रिय आहे. वेस्टलेकचा, याच गावातला. शुगर बोलमध्ये जॉर्जियाला २८-२१ हरवल्यावर तो "वुई आर बॅक" म्हणाला तेव्हा मी सोफ्यावर उभा होतो. पण आपण परत आलो नव्हतो. दोन वर्षांनी कोच गेला आणि त्याच वर्षी ती कॅन्ससची रात्र आली. सॅमने चार वर्षं फुटक्या होडीतून पाणी उपसलं, त्याला मी नावं ठेवणार नाही. क्विन आला तेव्हा होडी बुडालेलीच होती, आणि त्याने ती टस्कलूसाच्या किनाऱ्याला नेऊन लावली. ३४-२४, ३४९ यार्ड, तीन टचडाउन, अलाबामाच्या घरात. मग वर्षभराने ॲन आर्बरला तेव्हाच्या विजेत्या मिशिगनला ३१-१२. दहा वर्षांत या दोनपैकी एक जरी विजय मिळाला असता तर आम्ही त्यावर कॅलेंडर छापलं असतं.

माझा क्रम असा: विन्स, कोल्ट, आणि मग क्विन. १९६९चा जेम्स स्ट्रीट आणि त्याच्याही आधीचा बॉबी लेन यांना मी पाहिलेलं नाही, म्हणून त्यांना क्रम देण्याचा मला अधिकार नाही. विन्स आणि क्विन यांच्यातलं अंतर तुम्ही सांगितलंत तेवढंच आहे, त्यात मी एक यार्डही कमी करणार नाही. वॉशिंग्टनविरुद्धचा तो शेवटचा पास जरा खाली, जरा आतल्या बाजूला असता तर... मी तो अजून रात्री बघतो.

ताईंनी दुखापतींचं लिहिलं ते मी मुलीला वाचून दाखवलं. ती आता अकरा वर्षांची आहे. कॉटन बोल संपल्यावर मी टीव्ही बंद करायला उठलो तर म्हणाली, थांब. सगळे आत जाईपर्यंत तिला ३ नंबरची जर्सी बघायची होती. आम्ही बघितली. मग तिने विचारलं की पुढच्या सीझनला ओहायोशी पुन्हा मॅच आहे का. आहे, ३० ऑगस्ट २०२५ला, त्यांच्याच मैदानावर पहिलीच मॅच. तिने ती तारीख फ्रिजवर लिहून ठेवलीय, आणि खाली लिहिलंय, "क्विनसाठी".