‘ड्रिलिंग’, ‘मिलिंग’, ‘फीड’ : ॲल्युमिनियमच्या कामाला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (पुणे)
शाळेतल्या मुलांसाठी छोट्या सीएनसी राउटरवर (संगणकाच्या आज्ञेनं फिरता कटर चालवणाऱ्या मशीनवर) ॲल्युमिनियमचं काम कसं करायचं, याची चार पानं मराठीत लिहितेय. लाकूडकामाच्या हातराउटरची मोटर बसवलेलं घरगुती मशीन आहे. आधी एका इंग्रजी माहितीचं संगणकाकडून भाषांतर करून पाहिलं. ‘ड्रिलिंग’ची ‘कवायत’ झाली, ‘मिलिंग’चं ‘दळण’ आणि ‘फीड’चं ‘खाद्य’. ते टाकून ‘छिद्रण’, ‘यंत्रण’ असे शब्द घातले, तर सातवीतल्या मुलीनं विचारलं, “छिद्रण म्हणजे भोक पाडणंच ना? मग तसंच लिही की.” तिचं बरोबर आहे. मशीनपुढे उभं राहून सहज तोंडात येतील असे शब्द हवे आहेत. ड्रिलिंगला ‘विंधणं’ चालेल का? ‘विंधन विहीर’ तर सरकारी कागदावरही असते.

उत्तर (कोल्हापूर)
ताई, माझी तीस वर्षं लेथ आणि मिलिंगवर गेली, बरीचशी उद्यमनगरात. शॉपमध्ये आम्ही ‘ड्रिल मार’, ‘कट घे’, ‘जॉब बांध’ असंच बोलायचो. मुलांच्या पानावरही ‘जॉब’ (ज्यावर काम करायचं तो तुकडा), ‘कटर’, ‘फीड’ (कटर पुढे सरकण्याचा वेग) खुशाल राहू द्या. या शब्दांना पर्याय घडवत बसलात तर उद्या पोरगं कारखान्यात गेल्यावर त्याला कुणाचं बोलणं कळायचं नाही. पण क्रियापदं मात्र आपली वापरा, ती फार नेमकी आहेत.

आधी बघा, फिरतंय कोण. लेथवर जॉब फिरतो आणि हत्यार जागेवर असतं, ते कातणं. कातारी लाटणी आणि पाळण्याचे खांब असेच कातायचे, त्यावरून ‘कातीव’ आला. तुमच्या राउटरवर जॉब गच्च बांधलेला असतो आणि कटर फिरत फिरत सरकतो. ते कोरणं. ‘मिलिंग’ला मी डोळे मिटून ‘कोरणं’ म्हणेन. कोरून खोलगट जागा केली तर खळगा, लांबट केली तर खाच. वरचा पृष्ठभाग सपाट करायचा असेल तर तासणं.

विंधणं मला पटत नाही. कान विंधतात तेव्हा सुई मांस बाजूला सारून जाते, बाहेर काही काढत नाही. ड्रिल धातू कापून वर आणतं. जमिनीसाठी तो शब्द रुळलाय, तिथे असू दे. पत्र्याला भोकच पाडा.

आता ॲल्युमिनियमपुरतं सगळ्यात महत्त्वाचं. कापणं आणि घासणं यातला फरक मुलांना पहिल्या पानावर सांगा. कटर पुरेसा पुढे सरकला नाही तर तो धातू कापत नाही, नुसता घासतो. घासला की तापतो, आणि तापला की मऊ झालेला ॲल्युमिनियम त्याच्या धारेला लागतो. भात तळाला लागतो ना, तसा ‘लागतो’. याहून चांगला शब्द मला आजवर मिळालेला नाही. एकदा लागला की धार संपली, पुढच्या दोन सेकंदांत कटर मोडतो.

ओळखायचं कसं? बाहेर काय पडतंय ते बघा. सुटे, चमकणारे, खोबऱ्याच्या किसासारखे तुकडे पडत असतील तर कापतोय. करडा, पिठासारखा भुगा पडत असेल आणि आवाज किंचाळल्यासारखा येत असेल तर घासतोय. म्हणून ‘चिप’ला मी ‘कीस’ म्हणेन. ‘भुगा’ लाकडासाठी ठेवा, धातूचा भुगा दिसला की काहीतरी बिघडलंय एवढं त्या शब्दातच कळू दे.

प्रश्नकर्ती
काका, ‘लागतो’ वाचलं आणि गेल्या महिन्यातला कटर आठवला. मोडला म्हणून भीतीनं फीड आणखी कमी केला, तर दुसराही गेला. दोन्ही कटरच्या खाचेत चांदीसारखा गोळा बसला होता, नखानं निघेना. म्हणजे मी मुलांना ‘सावकाश चालवा’ असं लिहिणार होते ते उलटंच!

उत्तर (कोल्हापूर)
हो, ‘सावकाश’ काढाच. एका वेळी कापायची खोली कमी घ्या, पण फीड कमी करू नका. हिशेब सोपा आहे : एका धारेचा कटर, १८,००० फेरे मिनिटाला, दर फेऱ्याला ०.०३ मिलिमीटर जाडीचा कीस, तर फीड मिनिटाला ५४० मिलिमीटर. कटरची दांडी ३.१७५ मिलिमीटरची असेल, म्हणजे आपलं एक सूत. मुलांना ‘एक सुती’ शब्द जरूर शिकवा, हार्डवेअरच्या दुकानात अजून चालतो.

उत्तर (नाशिक)
भोकाबद्दल थोडं. राउटरच्या मोटरीचा कमीत कमी वेगच दहा हजारांच्या आसपास असतो. ६ मिलिमीटरच्या साध्या एचएसएस (हाय-स्पीड स्टील) ड्रिलला ॲल्युमिनियममध्ये तीन हजार फेरे पुरतात. म्हणून या मशीनवर मोठं भोक ‘पाडू’ नका, लहान कटरनं ‘कोरा’. कटर गोल फिरत उतरत जातो, त्या वाटेला ‘मळसूत्री’ म्हणा.

लहान भोक ड्रिलनं पाडायचंच असेल तर थोडं खाली जाऊन पूर्ण वर यायचं, कीस उपसायचा, पुन्हा खाली. इंग्रजीत याला पक्ष्याच्या चोच मारण्यावरून नाव आहे, पण मी ‘उपसत भोक पाडणं’ म्हणते. गाळ उपसल्याशिवाय विहीर खोल जात नाही, तसंच हे. मोठ्या मशीनला त्यासाठी जी८३ ही आज्ञा असते. घरगुती मशीन चालवणाऱ्या जीआरबीएल या प्रोग्रॅमला ती कळत नाही, त्यामुळे खाली-वर होण्याची प्रत्येक ओळ संगणकावरच्या सॉफ्टवेअरकडून लिहून घ्यावी लागते.

आरपार भोकाला मुलांसाठी ‘नेढं’ म्हणायला मला आवडेल. सुईचं नेढं आणि राजगडाचं नेढं दोन्ही त्यांना माहीत असतात. नुसतं अर्ध्यापर्यंत गेलेलं, ते भोक. आत स्क्रू बसवायचा असेल तर आटे पाडा. एम ६ च्या (६ मिलिमीटर व्यासाच्या स्क्रूच्या) आट्यांसाठी आधी ५ मिलिमीटरचं भोक.

उत्तर (सोलापूर)
‘जर्मन’ विसरू नका. आमच्याकडे आजी अजून ‘जर्मनचं पातेलं’ म्हणते, म्हणजे ॲल्युमिनियमचंच. मुलं सरावाला जुनं भांडं कापून आणतील का?

उत्तर (कोल्हापूर)
आणू देऊ नका. भांड्याचा पत्रा मऊ, तो फार लागतो. ६०६१-टी६ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची पट्टी घ्या, ती कडक असल्यानं स्वच्छ कापली जाते. आम्ही शॉपमध्ये ब्रशनं रॉकेल लावायचो, पण ते पेट घेतं. घरात, मुलांजवळ नको. पाण्यात मिसळणारं कूलंट (कटर थंड ठेवणारा द्रव) थोडं थोडं फवारा.

प्रश्नकर्ती
पहिला परिच्छेद असा केलाय : “जॉब गच्च बांधा. कटर कोरतोय की घासतोय, हे किसाकडे बघून ठरवा. भुगा दिसला तर मशीन थांबवा आणि धारेला धातू लागलाय का ते पाहा.” काही राहिलं का?

उत्तर (कोल्हापूर)
‘बर’ राहिली. भोकाच्या कडेला जी धारदार किनार उरते ती. कानस किंवा मोठं ड्रिल हातानं फिरवून ती काढायची, याला ‘बर काढणं’ म्हणतात, सगळ्या शॉपमध्ये हाच शब्द आहे. आणि ती काढायच्या आधी मुलांना जॉबच्या कडेवरून बोट फिरवू देऊ नका.