सल्ला हवा: सासऱ्यांसाठी बटणांचा एमपी३ प्लेअर, बजेट ३०००, नाशिकमध्ये कुठे मिळेल?

शरणपूररोडकर
नमस्कार मंडळी. सासऱ्यांसाठी खिशात मावेल असा प्लेअर घ्यायचाय. अण्णा ७६ वर्षांचे आहेत, तब्येत ठणठणीत, रोज पहाटे गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर जातात. ऐकायचं काय तर कीर्तनं (एकेक दोन-सव्वादोन तासांचं), नाट्यसंगीत आणि अधूनमधून आकाशवाणी. अटी अशा:
बटणं हवीत, टचस्क्रीन नको. कीर्तन जिथे थांबवलं तिथूनच पुढे सुरू व्हायला हवं, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण रोज पहिल्यापासून नमन ऐकून ते वैतागलेत. एफएम हवं. जमलं तर नावं मराठीत दिसावीत. बजेट ३०००, ताणून साडेतीन.
फोन सुचवू नका प्लीज. फोन आहे, तो ते घरी ठेवून जातात, कारण फिरताना कुणाचा फोन आला की त्यांना राग येतो.

पंचवटी_पासधारक
ताई फोनच बेस्ट. जुना अँड्रॉइड असेल ना घरात, सिम काढा, गाणी भरा, झालं, एक रुपया खर्च नाही. मी रोज पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जातो, इगतपुरी सुटली की घाटात रेंजच्या नावाने शिमगा असतो, पण मी आदल्या रात्रीच सगळं डाउनलोड करून ठेवतो त्यामुळे कसारा येईपर्यंत आरामात. वेगळा प्लेअर घेणं म्हणजे आजकाल हौसच.

आवाजखुळा
३००० मध्ये प्लेअर येतो, आवाज येत नाही. स्पष्टच सांगतो. फिओ कंपनीचा जेएम२१ प्लेअर बघा, पंधराच्या वर जाईल पण एकदाच घ्यायचं. दोन वेगळ्या डॅक चिप (डिजिटल फाईलचा आवाज बनवणाऱ्या) आहेत, बॅलन्स्ड आउटपुट आहे. माझ्याकडे आहे, सगळं फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवणारा फॉरमॅट) भरलंय. नाट्यसंगीतातला ऑर्गन ऐकाल तर रडाल. स्क्रीन टचची आहे पण शिकतील हो, आमचे वडील शिकले.

शरणपूररोडकर
@पंचवटी_पासधारक जुना फोन देऊन झालाय. खिशात ठेवला की स्क्रीन आपोआप दाबली जाते आणि कीर्तनाच्या मध्येच भलतंच काहीतरी सुरू होतं. घाम आलेल्या बोटाने लॉकही उघडत नाही.
@आवाजखुळा धन्यवाद, पण बजेट ३००० आहे. पंधरा नाही.

सिडकोचा_जुना_माणूस
एमजी रोडला जा, मोबाईलच्या दुकानांच्या रांगेत आतल्या गाळ्यांमध्ये विचारा, ७००-८०० पासून मिळतात. पण कार्ड तिथलं घेऊ नका!! मी १२८ जीबीचं कार्ड स्वस्तात मिळतंय म्हणून घेतलं, घरी येऊन गाणी भरली, कॉम्प्युटर म्हणतो सगळी भरली गेली, आणि प्लेअरमध्ये पहिली काही गाणी वाजतात आणि पुढची नुसती नावं. कार्ड खरं ८ जीबीचं निघालं. दुकानदार म्हणे कंपनीला विचारा. कंपनीचं नावच नाही त्याच्यावर, विचारू कुणाला. असो. पावती घ्या.

तारवाला
वरच्यांना जोडून. कार्ड घेतलं की आधी एच२टेस्टडब्ल्यू नावाचा फुकटचा प्रोग्राम चालवा, पूर्ण कार्ड भरून परत वाचून बघतो, खोटं कार्ड लगेच पकडलं जातं. वेळ खातो, पण रात्री लावून झोपा. आणि ३२ जीबीच्या वर जाऊच नका. स्वस्त प्लेअर फॅट३२ (कार्डावर फाईली मांडायची जुनी पद्धत) वाचतात, ६४ चं कार्ड कारखान्यातूनच एक्सफॅट या नव्या पद्धतीचं येतं, प्लेअर म्हणतो कार्डच नाही. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ च्या वर फॅट३२ चा पर्यायही दिसत नाही. रुफस नावाच्या प्रोग्रामने होतं, पण कशाला? १२८ केबीपीएस बिटरेटला (सेकंदाला १२८ किलोबिट) तासाचं कीर्तन ५८ एमबीच्या आसपास बसतं, ३२ जीबीत पाचशे तास जातात. अण्णांना पुरेल.

जुनं_ते_सोनं
मी अजून आयपॉड क्लासिक वापरतो, १६० जीबी. २०१४ लाच बंद केलं त्यांनी ते, आणि २०२२ च्या मे मध्ये आयपॉड म्हणून जे काही उरलं होतं ते पण बंद. माझ्यातली हार्ड डिस्क काढून एसडी कार्डचा अडॅप्टर टाकलाय, बॅटरी नवी टाकलीय, वर रॉकबॉक्स (प्लेअरचं फुकटचं पर्यायी सॉफ्टवेअर) टाकलंय. त्या चाकावर अंगठा फिरवून गाणं शोधायचं सुख नवीन कशातच नाही, खिशातला हात बाहेर न काढता आवाज कमी-जास्त, गाणं पुढे-मागे. ही खरी ताकद असते या यंत्रांची. नोटिफिकेशन नाही काही नाही. सेकंडहँड शोधा ताई, मिळेल.

शरणपूररोडकर
एफएम आहे का त्यात?

जुनं_ते_सोनं
क्लासिकला नाही. पण आकाशवाणी आता अ‍ॅपवर पण ऐकता येते ना.

शरणपूररोडकर
🙏

मिसळ_कमी_तिखट
सारेगामाची कारवां घ्या की सरळ. मराठी पण मिळते. २०१७ पासून आहे, हिंदीवालीत ५००० गाणी आधीच भरलेली असतात, एफएम आहे, पेनड्राइव्ह लागतो. आमच्या आईला दिली, दिवसभर चालू.

तारवाला
अहो ती खिशात घालून ट्रॅकवर कशी नेणार? आणि भरलेल्या गाण्यांत त्यांची कीर्तनं कुठून येणार.

मिसळ_कमी_तिखट
छोटी पण मिळते. आणि सगळं खिशातच घालायला हवं असं नाही, घरी पण माणूस ऐकतो.

आवाजखुळा
१२८ केबीपीएस????? कानावर अत्याचार आहे हा. सीडीचा बिटरेट १४११ असतो, तुम्ही त्याचा अकरावा हिस्सा ठेवताय. निदान ३२० तरी ठेवा.

तारवाला
सर, कीर्तन कुणीतरी मंडपात फोन समोर धरून रेकॉर्ड केलंय आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलंय. त्याचं फ्लॅक केलं तर फाईल फुगते, आवाज आहे तोच राहतो. बोलण्याला मोनो ६४ पण चालतं. आणि नाट्यसंगीताचं म्हणाल तर बालगंधर्वांच्या तबकड्या ७८ आरपीएमच्या, बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, त्यात खरखर धरून जे आहे ते आहे. नवीन रेकॉर्डिंगला ३२० ठेवा, त्याला माझी ना नाही.

आवाजखुळा
खरखर पण नीट ऐकू यायला हवी 😄 पण मुद्दा सोडत नाही मी. चांगले इयरफोन तरी घ्या, बरोबर येणारे फेकून द्या.

पंचवटी_पासधारक
हे इयरफोनचं मात्र बरोबर. बाकी फोनवर पण ते लावता येतात.

दिंडोरीची_बाग
राम राम. आमच्याकडं द्राक्षबागेत विरळणी (घडातले मणी कमी करणं) नाहीतर डिपिंग (घड औषधात बुडवणं) चालू असलं की बायांना गाणी लागतात, त्यासाठी मी ते खिशातलं डबडं वापरतो, छोटा स्पीकरवाला रेडिओ, मेमरी कार्ड जातं, समोर फोनसारखी आकड्यांची बटणं असतात. ४५ नंबरचं गाणं पाहिजे तर ४५ दाबायचं, वाजलं. स्क्रीन म्हणजे नुसता लाल आकडा. नोकियाच्या जुन्या फोनची बीएल-५सी बॅटरी बसते त्याच्यात, ती बसली की नवी टाकायची, बाकी डबडं चालूच. तारेला अडकवून देतो, धूळ पाणी औषधं सगळं खाल्लंय त्याने. हजाराच्या आत येतं. इयरफोन पण लागतो. मराठी नाव बिव काही दिसत नाही पण वडील सगळे नंबर पाठ करून बसलेत.

तारवाला
हे डबडं कुणी नको म्हणण्याआधी मुख्य अटीबद्दल लिहितो, म्हणजे थांबलं तिथून सुरू होण्याबद्दल, कारण वर त्याबद्दल कुणीच बोललं नाही.
स्वस्त प्लेअर तीन प्रकारचे असतात. एक, बंद केला की सगळं विसरतो, परत पहिलं गाणं. दोन, गाणं लक्षात ठेवतो पण त्या गाण्यातली वेळ नाही. तीन, वेळ पण लक्षात ठेवतो. खोक्यावर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. दुकानात स्वतःचं कार्ड घेऊन जा, मोठी फाईल लावा, मध्यापर्यंत ढकला, बटणाने बंद करा, चालू करा, बघा. मग मध्येच एफएम लावून परत कार्डावर या आणि परत बघा, बरेच जण तिथे विसरतात. पॉज करून ठेवलं तर बॅटरी वाचवायला दहा-पंधरा मिनिटांत आपोआप बंद होतात, ते वेगळंच.
नाव मराठीत दिसेल का, हेही तिथेच कळेल. पुष्कळदा चौकोन दिसतात, किंवा काना-मात्रा अक्षरापासून सुटून शेजारी पडलेल्या दिसतात. कार्डावर देवनागरी नावाच्या दोन फाईल टाकूनच जा.
आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली कीर्तनं ओपस नाहीतर एम४ए फॉरमॅटची असतात, अशा प्लेअरला ती दिसतच नाहीत, एमपी३ करावी लागतात.

सिडकोचा_जुना_माणूस
आणि कार्ड खोटं नाही ना हे बघा.

वारकरी_वणी
तारवाल्यांनी लिहिलंच आहे पण परत सांगतो, दुकानात लावून बघा. माझ्यात अजून एक भानगड होती, गाणी नावाच्या क्रमाने वाजतच नाहीत. ०१, ०२ असं नाव दिलं तरी ०७ आधी मग ०३. सप्तशृंगी गडावर पायी जाताना चौथा अध्याय झाला की थेट नववा. दुकानदाराने बदलून दिला, नवा पण तसाच.

तारवाला
तो प्लेअरचा बिघाड नाही. असे प्लेअर नाव बघतच नाहीत, कार्डावर फाईल ज्या क्रमाने लिहिली गेली त्या क्रमाने वाजवतात. सगळं एकदम निवडून ओढून टाकलं की कॉम्प्युटर त्याच्या मर्जीने आधी कुठली टाकेल सांगता येत नाही. कार्ड रिकामं करून एकेक फोल्डर क्रमाने टाका, किंवा फॅटसॉर्ट नावाचा प्रोग्राम आहे तो कार्डावरची यादीच नावाच्या क्रमाने लावून देतो. नंतर नवीन काही भरलं की परत चालवायचा.

वारकरी_वणी
अरे देवा. हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

शरणपूररोडकर
तारवाला, खूप उपयोग झाला. पण मग वेळ लक्षात ठेवणारा ३००० मध्ये बटणांसकट मिळेल का ते सांगा ना.

तारवाला
मिळतात, पण मॉडेल इतकी बदलतात की नावाने सांगण्यात अर्थ नाही. जुना सॅनडिस्कचा सान्सा क्लिप प्लस कुणाकडे पडला असेल तर सोनं, कार्डाची खाच, एफएम, आणि त्यावर रॉकबॉक्स टाकलं की हवं तिथे बुकमार्क. नवीन मिळणार नाही. आणि दुसरी वाट म्हणजे सव्वादोन तासाची फाईलच ठेवू नका. एमपी३डायरेक्टकट नावाच्या प्रोग्रामने तिचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा, आवाज परत दाबला जात नाही, मिनिटात काम होतं. मग दुसऱ्या प्रकारचा प्लेअर पण चालतो, फार तर मागची दहा मिनिटं परत ऐकावी लागतील.

पंचवटी_पासधारक
म्हणजे एवढी सगळी कारागिरी करायची पण फोन नाही वापरायचा. धन्य.

की_पॅड_जिंदाबाद
साधा बटणांचा फोन घ्या. दीड-दोन हजारात येतो. ३२ जीबी कार्ड, एफएम, टॉर्च सगळं. सिम घालूच नका म्हणजे कुणाचा फोन येणार नाही.

शरणपूररोडकर
हे मलाही पटलं होतं. विचारते.

गोल्फक्लब_रोज_५वाजता
एक विनंती. काहीही घ्या, स्पीकरवालं घेऊ नका. ट्रॅकवर पहाटे तीन आजोबा तीन वेगवेगळी भजनं लावून फिरतात, मध्ये एकजण बातम्या. पक्षी ऐकायला येतो आम्ही.

दिंडोरीची_बाग
आमच्याकडं पक्ष्यांना हाकलायलाच डबडं लावतो.

आजोबांचा_नातू
दोन्ही कानात इयरफोन घालून पहाटे अंधारात रस्त्यावरून फिरणं पण बरं नाही हो. ट्रॅकवर ठीक, त्र्यंबक नाक्याला सिग्नल ओलांडताना गाडी ऐकू यायला नको का? एकाच कानात घाला म्हणावं. त्यापेक्षा हळू आवाजात स्पीकर परवडला.

गोल्फक्लब_रोज_५वाजता
हळू आवाजात कुणी लावत नाही हाच तर प्रॉब्लेम आहे.

आवाजखुळा
बोन कंडक्शनचे इयरफोन (हाडातून आवाज पोचवणारे) घ्या. कान मोकळे राहतात. आठ-दहा हजारात चांगले येतात.

शरणपूररोडकर
मंडळी, अपडेट. काल अण्णांना घेऊनच एमजी रोडला गेले. कार्डात सव्वादोन तासाचं कीर्तन, दोन मराठी नावाच्या फाईली, सगळं तयारीने. तीन प्लेअर बघितले. पहिला सगळं विसरणारा. दुसऱ्याने वेळ लक्षात ठेवली, नावंही बऱ्यापैकी मराठीत दिसली, २४००, मी पैसे काढायच्या बेतात. अण्णांनी हातात घेतला, म्हणाले बटणं तांदळाएवढी आहेत आणि चष्म्याशिवाय हे मला दिसणार आहे का? की-पॅड फोन म्हटल्यावर माझ्याकडे बघितलंच नाही. मग काउंटरच्या कोपऱ्यातलं दिंडोरीवाल्यांचं आकड्यांचं डबडं उचललं, १०१.४ लावून आकाशवाणी ऐकली, दुकानातली सगळी माणसं वळून बघायला लागली, आणि म्हणाले हे द्या. ८५०. वेळ लक्षात राहत नाही, फक्त गाण्याचा नंबर राहतो. नाव दिसत नाही. तुम्ही सगळ्यांनी सांगितलेल्या अटींपैकी निम्म्या नापास. कार्ड मात्र दुसरीकडून चांगल्या कंपनीचं घेतलं आणि तपासलं.
काल रात्री कीर्तनांचे तुकडे केले, फॅटसॉर्ट चालवलं. कुठल्या नंबरला कुठलं कीर्तन ते अण्णांनी वहीत मोठ्या अक्षरात लिहून काढलंय.
बॅटरी वर जास्तीची एक घेऊन ठेवू का? बीएल-५सी कुठे चांगली मिळते?

दिंडोरीची_बाग
घेऊन ठेवा. फुगलेली असेल तर घेऊ नका, टेबलावर ठेवून फिरवून बघा, गरगर फिरली की फुगलेली. शालिमारला मिळून जाईल.

सिडकोचा_जुना_माणूस
पावती घ्या.

गोल्फक्लब_रोज_५वाजता
म्हणजे उद्यापासून चार आजोबा. ताई निदान इयरफोन तरी देऊन पाठवा.

शरणपूररोडकर
दिलाय हो. वहीबरोबर कपाटात ठेवलाय त्यांनी.