लोड ७१, पण सीपीयू रिकामा: नोडवर नेमकं काय अडलंय?

नोडराखणदार:
३२ कोअरचा कम्प्यूट नोड. अपटाइम लोड (गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांची सरासरी) दाखवतंय ७१, ६८, ५२. टॉपमध्ये सीपीयू ९५ टक्के आयडल, वेट (आय-ओची वाट पाहण्यात गेलेला वेळ) जेमतेम २. स्वॅपला हातही लागलेला नाही. डिस्कची जागा दाखवणारं डीएफ चालवलं की टर्मिनलच अडकतं, आणि काही प्रोसेस किल -९ लाही दाद देत नाहीत. होम डिरेक्टरी एनएफएसवर (नेटवर्कवरून फाइली देणारी व्यवस्था), ४० नोडना मिळून एकच सर्व्हर. जॉब वाटणाऱ्या स्लर्मने तीन नोड 'किल टास्क फेल्ड' म्हणून ड्रेन केलेत, म्हणजे त्यांना नवे जॉब देणं थांबवलंय. रीबूट न करता मूळ कारण कसं शोधायचं?

डीस्टेट:
लिनक्सच्या लोडमध्ये नुसत्या धावणाऱ्या प्रोसेस नसतात, डी स्थितीत (बहुधा आय-ओच्या उत्तरासाठी अडकून) झोपलेल्याही धरल्या जातात. म्हणून सीपीयू रिकामा असूनही ७१. तिन्ही आकडे पाहता रांग १५-२० मिनिटांपूर्वी लागली असावी, तेव्हा लॉग तिथपासून वाचा.

पीएस -ईओ स्टेट,पीआयडी,डब्ल्यूचॅन:३२,सीएमडी चालवून डी ने सुरू होणाऱ्या ओळी बघा. 'आरपीसी_वेट_बिट_किलेबल' दिसलं तर प्रोसेस एनएफएसच्या उत्तरासाठी ताटकळतेय. नावातच किलेबल आहे, त्यामुळे तिथे किल -९ चालतं. पण मेमरीतली, लिहायची राहिलेली पानं सर्व्हरकडे जाण्याची वाट पाहणारी प्रोसेस सिग्नल ऐकतच नाही. स्लर्म अनकिलेबलस्टेपटाइमआउटइतकं, म्हणजे मूळ ६० सेकंद, थांबतो आणि मग नोड ड्रेन करतो.

डीएफ -एल वापरा, ते फक्त स्थानिक डिस्क बघतं.

रॅकमधला:
माउंट सॉफ्ट करून टाका, म्हणजे उत्तर आलं नाही तर प्रयत्न सोडून देईल. वाट पाहायची मुदत टायमिओ=१०० ठेवा. अडकणं बंद.

डीस्टेट:
नको! टायमिओ सेकंदाच्या दहाव्या भागात असतो, म्हणजे १०० म्हणजे १० सेकंद. सॉफ्ट माउंटवर वेळ संपली की ॲप्लिकेशनला आय-ओ एरर मिळते, आणि राइटची एरर न तपासणारे प्रोग्राम कमी नाहीत. निकालाची फाइल अर्धवट राहील आणि जॉब मात्र 'कम्प्लीटेड' दिसेल. होमसाठी हार्डच ठेवा, म्हणजे उत्तर येईपर्यंत थांबेल.

थ्रेडमोजणी:
आता सर्व्हरकडे या. एसएस -टीएन मध्ये एनएफएसच्या २०४९ पोर्टच्या ओळींचा रिसीव्ह-क्यू (आलेला पण अजून न उचललेला डेटा) बघा. तो सतत फुगलेला असेल तर विनंत्या पोचतायत, पण उचलायला कोणी नाही. /प्रॉक/नेट/आरपीसी/एनएफएसडी मधल्या 'टीएच' ओळीतला पहिला आकडा म्हणजे थ्रेड, विनंत्या उचलणारे हात. त्यापुढचे शून्य नव्या कर्नलमध्ये निरर्थक आहेत. तिथे ८ असेल तर ४० नोडना पुरायचे नाहीत. आरपीसी.एनएफएसडी ६४ दिलं की चालू सर्व्हरवर लगेच वाढतात. कायमचं करायला /ईटीसी/एनएफएस.कॉन्फ मध्ये एनएफएसडी विभागात थ्रेड्स=६४.

त्याआधी आयओस्टॅट -एक्स १ मात्र बघाच. डिस्कचा अवेट (एका विनंतीला लागणारा वेळ) आधीच चढलेला असेल तर थ्रेड वाढवून नुसती रांगेची जागा बदलते.

नोडराखणदार:
रिसीव्ह-क्यू फुगलेला होता, थ्रेड ८, डिस्क निवांत. ६४ केल्यावर लोड उतरतोय. हे आधी कळावं म्हणून नोडची मोजमापं गोळा करणाऱ्या नोड एक्स्पोर्टरच्या 'ब्लॉक्ड' आकड्यावर अलर्ट लावला तर?

थ्रेडमोजणी:
चुकेल. तो /प्रॉक/स्टॅट मधला आकडा, आणि त्यात फक्त आय-ओ वेटमधल्या प्रोसेस मोजतात. आरपीसीची, म्हणजे एनएफएस सर्व्हरच्या उत्तराची, वाट त्यात येत नाही. तुमचा वेट २ वर राहिला तो त्यामुळेच. त्याच एक्स्पोर्टरचा प्रोसेसेस कलेक्टर मुळात बंद असतो, तो चालू करून डी स्थितीची संख्या घ्या.

स्लर्मच्या हेल्थचेकप्रोग्रॅममध्ये (नोड ठीक आहे का ते तपासणारी स्क्रिप्ट) टाइमआउट -एस किल ५ स्टॅट -एफ /होम ठेवा. साधा स्टॅट कॅशमधून उत्तर देऊन फसवू शकतो, -एफ मुळे सर्व्हरला विचारावंच लागतं. उत्तर आलं नाही तर स्क्रिप्टने नोड ड्रेन करावा. पण सर्व्हर अडकला की ४० च्या ४० नोड ड्रेन होतील. म्हणून रिझ्यूमही (नोड परत कामाला लावणं) स्क्रिप्टनेच करावं, तेही ड्रेनचं कारण स्क्रिप्टनेच लिहिलेलं असेल तरच. नाहीतर मेमरी खराब म्हणून हाताने बाजूला काढलेला नोडही परत जॉब घ्यायला लागेल.