सेटिंग ‘काढली’ म्हणजे नक्की काय केलं?

पंचवटीकर: कांद्याचे बाजारभाव दाखवणाऱ्या वर्डप्रेस प्लगिनची, म्हणजे वेबसाइटला जोडायच्या छोट्या प्रोग्रामची, माहिती मराठीत लिहितोय. वाचणारे नाशिक-निफाडकडचेच. बाजार समिती लासलगाव की पिंपळगाव, ही सेटिंग डेटाबेसमध्ये जाते, त्याला जतन म्हणू की साठवण? आणि ती परत घेतो त्याला ‘काढणे’ चालेल का?

मेनरोड: काढणे नको. ‘सेटिंग काढली’ म्हटलं की ऐकणारा ‘उडवली’ असंच समजणार. गेट ऑप्शन हे वर्डप्रेसचं फंक्शन ऑप्शन्स टेबलमधली, म्हणजे डेटाबेसमधल्या सेटिंगच्या तक्त्यातली, नोंद नुसती वाचतं, ती जागच्या जागी राहते. उडवायला डिलीट ऑप्शन वेगळं आहे. सरळ ‘वाचणे’ लिहा.

निफाडवाला: मग सातबारा ‘काढला’ की तलाठ्याकडची नोंद जाते का हो?

मेनरोड: नाही, पण तिथं आपण उतारा काढतो, नोंद काढत नाही. सेटिंगचा उतारा कोण मागतंय!

पंचवटीकर: बरं, आणि जतन?

गंगापूररोड: जतन पोथ्यांचं, किल्ल्यांचं. आहे ते तसंच राहावं म्हणून करतात ते. इथं उलटं आहे. सेटिंग लिहिणारं अपडेट ऑप्शन हे फंक्शन जुन्यावरच नवं लिहितं. काल लासलगाव होतं, आज पिंपळगाव निवडलं, की लासलगाव कुठंच उरत नाही. म्हणून मला ‘नोंदवणे’ पटतं. बटणावर मात्र ‘जतन करा’च राहू द्या, लोकांच्या नजरेला तेच सवयीचं आहे. आणि हो, ‘व्हॅल्यू’ला ‘किंमत’ लिहू नका, क्विंटलचा भाव समजतील!

निफाडवाला: प्लगिन बंद केलं की सेटिंग जाते का? आमच्याकडे प्लगिन बंद केलं काय नि हटवलं काय, दोन्हीला ‘काढलं’च म्हणतात.

मेनरोड: निष्क्रिय केलं तर नोंदी सहसा तशाच राहतात. हटवलं तरी त्या आपोआप जात नाहीत, प्लगिन लिहिणाऱ्यानं तशी सोय केलेली असावी लागते. तेव्हा ‘बंद करणे’ आणि ‘हटवणे’ वेगळे ठेवा.

गंगापूररोड: एक राहिलं, पंचवटीकर. अपडेट ऑप्शनकडून ‘फॉल्स’, म्हणजे ‘नाही’ असं उत्तर, आलं की लगेच ‘नोंद झाली नाही’ असं दाखवू नका. आधीचंच मूल्य पुन्हा दिलं तरी ते फॉल्सच देतं. शेतकऱ्यानं लासलगाव असताना लासलगावच निवडलं, तर ‘काही बदल नाही’ एवढंच दिसू दे.

पंचवटीकर: मग बटणावर ‘जतन करा’, मजकुरात ‘नोंदवणे’ नि ‘वाचणे’. ‘काढणे’ कुठंच नाही.